झिजवतो तो मधला

इंदुरात पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या घरात शिरलात तर पायाखाली बहुधा कोटा फरशी असते. राजस्थान शेजारी, दगड स्वस्त आणि दणकट, म्हणून रामबागेपासून सुदामानगरापर्यंत तेव्हा बऱ्याच जणांनी तीच घातली. अशा एखाद्या घरातला जुना पलंग सरकवून बघा. पलंगाखालची फरशी हिरवट, गुळगुळीत, ट्यूबलाइट उलटी दिसेल इतकी चकचकीत असते. दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेवर मात्र तीच फरशी राखाडी आणि निस्तेज झालेली. खाण तीच, कारागीर तोच, बसवली त्याच आठवड्यात.

या वाटेवरून इतकी वर्षं गेलं काय? अनवाणी पाय, रबरी सपाता, मुलांचं रांगणं, रोजचं पुसायचं फडकं. सगळं दगडापेक्षा कितीतरी मऊ. मऊ गोष्टीनं दगड झिजवला म्हणावं तर पटत नाही, आणि झिजला हे तर डोळ्यांसमोर आहे. घर्षणाबद्दल शाळेत आपण जे शिकतो त्यात दोनच पात्रं असतात: एक वरची वस्तू, एक खालची. प्रत्यक्षात त्या दोघींच्या मध्ये जवळजवळ नेहमी आणखी काहीतरी असतं. धूळ, तेल, गंज, धागा, घाम, त्या दोघींचाच निघालेला भुगा. कोण किती झिजणार हे पुष्कळदा हा मधलाच ठरवतो.

फरशीच्या बाबतीत तो मधला म्हणजे वाळूचा कण. कोणता पदार्थ कोणावर ओरखडा पाडू शकतो हे ठरवायला फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानं १८१२ मध्ये एक ते दहा अशी श्रेणी लावली. सर्वांत खाली शंखजिरं, सर्वांत वर हिरा. आपलं नख साधारण अडीच, तांबं तीन, खिडकीची काच साडेपाच. कोटा फरशी हा चुनखडीचा दगड. त्यातलं मुख्य खनिज कॅल्साइट, ते तीनवर. आणि वाळूतलं क्वार्ट्झ सातवर. माळव्याची काळी माती तशी बिचारी मऊ, चिकणी. ती डाग पाडते, ओरखडे फारसे पाडत नाही. पण शहरात सतत कुठे ना कुठे बांधकाम चालू, आणि बांधकामाला नर्मदेची वाळू. ती ट्रकमधून सांडते, चाकांखाली भरडली जाते, वाऱ्यानं उडते आणि आपल्या चपलेच्या तळाला चिकटून घरात येते. स्वच्छतेत पहिला नंबर आणणाऱ्या शहरातही ती येतेच. रस्ता झाडला म्हणून चप्पल झाडली जात नाही.

एवढासा कण एवढं काम कसा करतो, याचं उत्तर स्पर्शात आहे. दोन सपाट वस्तू एकमेकींवर ठेवल्या की त्या सगळीकडे टेकल्या असं आपल्याला वाटतं. पण कितीही गुळगुळीत पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीतच निघतो आणि टेकतात ती फक्त उंचवट्यांची टोकं. केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर या दोघांनी १९३९ च्या सुमारास हे मोजून दाखवलं. हिशेब आपल्यालाही करता येतो. पोलादी फळीवर एक किलोचं पोलादी वजन ठेवलं, त्याचा तळ दहा चौरस सेंटीमीटर धरला, तर खरोखर टेकलेली जागा एका चौरस मिलिमीटरचा दोनशेवा भाग एवढीच भरते. म्हणजे दिसणाऱ्या तळाचा दोन लाखावा हिस्सा. सगळं वजन त्या टोकांवर. तिथला दाब इतका की पोलादसुद्धा दबतं, आणि टेकलेली जागा वजन पेलण्यापुरती रुंद होईपर्यंत दबत राहतं.

फ्रान्समधल्या गियोम आमोंताँ यानं १६९९ मध्ये मांडलेला एक नियम लोकांना बराच काळ विचित्र वाटत होता, तोही यातून सुटतो. वीट आडवी ठेवून ओढा की उभी ठेवून ओढा, जोर सारखाच लागतो. तळ बदलला तरी वजन तेच आणि वजन तेच म्हणजे खरी टेकलेली जागाही तेवढीच.

आता त्या टोकांऐवजी मध्ये वाळूचा कण आला. टाचेखाली सापडला की आपल्या वजनाचा वाटा त्याच्या एका कोपऱ्यावर येतो. कोपरा सातचा, दगड तीनचा. पाय थोडा सरकला की नांगराच्या फाळानं तास काढावं तशी एक बारीक रेघ उठते. एक रेघ डोळ्यांना दिसत नाही. पण चमक म्हणजे प्रकाश एकाच दिशेनं परत फिरणं, आणि प्रकाशाच्या लहरीची लांबी साधारण अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोनहजारावा भाग. रेघा त्याहून खोल झाल्या की प्रकाश वाटेल तिकडे विखुरतो. फरशी आंधळी झाली असं आपण म्हणतो तेव्हा दगड फारसा गेलेला नसतो, वरचा केसाहून पातळ थर खरवडला गेलेला असतो.

ओळखीच्या एक काकू नेहमी तक्रार करतात, “अहो, मी तर दिवसातून दोनदा पुसते, तरी ही फरशी अशी कशी?” काकूंना काय सांगावं! आधी नीट झाडून न घेता ओलं फडकं फिरवणं म्हणजे वाळू फडक्यात बसवून फरशीवर घासणं. त्यांची फरशी दोनदा पुसल्यामुळेच लवकर गेली. दाराबाहेर एक खरखरीत पायपुसणं आणि आत दुसरं, एवढ्यानं बरीच वाळू बाहेर राहते. बाकी महागडे फ्लोअर क्लीनर चमकेसाठी फारसं काही करत नाहीत. आणि संडास धुवायचं ऍसिड फरशीवर टाकण्याचा मोह होतो तो तर टाळलेलाच बरा. चुनखडीला ऍसिड खातं. लिंबाच्या रसानंसुद्धा डाग उठतो.

गंमत अशी की घालवलेली चमक परत आणायला जो घासाईवाला बोलावतो तोही झिजवायचंच काम करतो. त्याच्या मशीनला लावलेल्या वड्या सिलिकॉन कार्बाइडच्या, म्हणजे क्वार्ट्झहून कठीण. आधी ६० नंबर, मग १२०, २२०, ४०० असं तो चढत जातो. नंबर जसा मोठा तसा कण बारीक. प्रत्येक वडी आधीच्या वडीचे ओरखडे पुसते आणि स्वतःचे बारीक पाडते, शेवटचे इतके बारीक की प्रकाशाला ते जाणवत नाहीत. मधला एखादा नंबर चुकवला की त्याआधीचे जाड ओरखडे खाली तसेच राहतात आणि पुढे कितीही घासलं तरी उन्हात दिसतात. घाईतला घासाईवाला बहुधा हेच करतो. २२० ची वडी दाखवायला म्हणून बाजूला पडलेली असते.

मऊ कठीणाला झिजवतं हे कोडं मात्र अजून पुरतं सुटलं नाही. माळव्यातल्या जुन्या विहिरींच्या कठड्यावर दोरानं पाडलेल्या खाचा बघा. दगड काळा, बेसाल्ट, फरशीसारखा तीनचा नव्हे तर सहाच्या आसपासचा. दोर अंबाडीचा किंवा सुताचा. तरी खाच चार-चार बोटं खोल. दोर ओला, जमिनीवर लोळलेला, धूळ धरून ठेवणारा. कण त्याच्या पिळात अर्धा रुततो आणि अर्धा बाहेर राहतो. रुतलेला कण हलत नाही, म्हणून कापतो. तोच कण दोन कठीण दगडांच्या मध्ये सापडला असता तर एक तर चिरडला असता किंवा बराच वेळ नुसता गडगडत राहिला असता. म्हणजे मऊपणा हा इथे दोष नाही, तीच पकड आहे. पॉलिश पेपरचा कागदही मऊच असतो. आणि दोर झिजत नाही असंही नाही. दोर दरवर्षी बदलला जातो, दगड तोच राहतो, म्हणून खाच दगडाच्या नावावर जमा होते.

हिऱ्याला पैलू पाडण्याचा सगळा धंदा याच पकडीवर चालतो. सुरतेला बिडाच्या चाकावर तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी लावतात. बीड हिऱ्यापुढे लोण्यासारखं, पण भुकटीचे कण त्याच्या छिद्रांत रुतून बसतात आणि चाक हिरा कापतं.

यंत्रं बनवणाऱ्यांनी हीच गोष्ट उलट्या बाजूनं वापरली. आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिरानं १८३९ मध्ये कथील, अँटिमनी आणि तांब्याचा एक मऊ मिश्रधातू बेअरिंगसाठी काढला. आपले मेकॅनिक त्याला व्हाइट मेटल म्हणतात. फिरणारा दांडा कठीण पोलादाचा आणि त्याला धरणारं बेअरिंग मुद्दाम मऊ. मध्ये एखादा बारीक कण आलाच तर तो मऊ धातूत पुरता गाडला जावा, दांड्याला लागू नये, हा हेतू. कण लहान असेल तोवर हे जमतं. मोठा असेल तर तो अर्धाच गाडला जातो, आणि मग विहिरीच्या दोराचीच गोष्ट: मऊ बेअरिंग शाबूत आणि कठीण दांड्यावर लाइनी पडलेल्या. इंजिन खोललेलं बघून “कठीण भाग कसा काय झिजला?” म्हणून गोंधळणाऱ्या ग्राहकाला हे समजावणं अवघड जातं.

तेल हा दुसरा मधला, आणि सगळ्यांत सज्जन. ते घसरडं असतं म्हणून काम करतं असा समज आहे, तो अर्धाच खरा. इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा अभियंता १८८३ च्या सुमारास रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होता. तेल घालायला म्हणून त्यानं बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरायला लागल्यावर त्यातून तेल वरच यायला लागलं. त्यानं बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर सरकत बाहेर आली. दाबमापक लावलं तेव्हा कळलं की आत प्रचंड दाब तयार होतोय. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. फिरणारा दांडा चिकट तेलाला स्वतःबरोबर ओढत निमुळत्या फटीत कोंबतो, तेलाला मागे यायला वाव नसतो, दाब वाढतो आणि दांडा चक्क उचलला जातो. चालत्या इंजिनात दांडा बेअरिंगला टेकलेला नसतो, काही मायक्रॉन जाडीच्या तेलावर तरंगत असतो. आपला केस याहून दहा-वीस पट जाड.

म्हणून जास्त झीज होते ती गाडी सुरू करताना. रात्रभर उभ्या गाडीतलं तेल फटीतून पिळून निघालेलं असतं, आणि पहिल्या काही फेऱ्यांत धातू धातूला लागतो. म्हणूनच एअर फिल्टरही महत्त्वाचा. पाच मायक्रॉनच्या तेलाच्या थरात दहा मायक्रॉनचा कण शिरला की तो एकाच वेळी दोन्ही बाजूंना लागतो.

तेल आणि धूळ एकत्र आली तर मात्र सज्जनाची संगत बिघडते. मोटारसायकलची चेन सैल झाली की आपण म्हणतो चेन लांबली. पोलाद ताणलं जाऊन लांबत नाही. प्रत्येक कडीतली खीळ आणि तिच्याभोवतीची नळी थोडी थोडी झिजते. शंभर कड्यांत प्रत्येकी मिलिमीटरचा दहावा भाग गेला तरी चेन एक सेंटीमीटरनं लांब दिसते. वरून फासलेल्या जाड ग्रीसनं हे थांबत नाही, उलट त्यात धूळ बसून उत्तम पॉलिशची पेस्ट तयार होते, घासाईवाल्याला हेवा वाटेल अशी. तेल हवं ते आत, खिळीपाशी. बाहेरचं पुसून काढायचं. आमच्याकडचे बरेचसे लोक नेमकं उलट करतात आणि चेन काळीभोर चकाकली की समाधानानं घरी जातात.

इंदूरला गिरण्यांचं शहर म्हणायचे ते दिवस गेले. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्याही एकेक करत गेल्या. पण झिजेचा अभ्यास करायला कापडाच्या गिरणीइतकी चांगली जागा नाही. सूत कातायच्या रिंग फ्रेमवर एक पोलादी कडं असतं आणि त्या कड्यावर कागदाच्या क्लिपेएवढाही नसलेला, इंग्रजी सी अक्षरासारखा एक तारेचा तुकडा धावत असतो. त्याला ट्रॅव्हलर म्हणतात. सुताला पीळ देत देत तो कड्याभोवती फिरतो. कड्याचा व्यास चार सेंटीमीटर आणि मिनिटाला दहा हजार फेरे धरले तर त्याचा वेग ताशी ७५ किलोमीटर होतो, तोही अखंड, दिवसच्या दिवस, पोलादावर पोलाद. तेल घालायची सोय नाही, सुताला डाग पडतील. तरी तो लगेच जळून का जात नाही? कारण त्याच्या खाली कापसाचेच तंतू सापडून चिरडले जातात आणि त्यांतल्या मेणासकट त्यांचा एक पातळ लेप कड्यावर बसतो. ट्रॅव्हलर त्या लेपावरून धावतो. नवं कडं बसवल्यावर सुरुवातीला मशीन हळू चालवायचं, लेप धरू द्यायचा, मग वेग वाढवायचा, हा तिथला पाठ. गाडीचे ब्रेक पॅड नवे घातल्यावर पहिले काही किलोमीटर हळूहळू दाबून वापरा म्हणतात त्यामागेही हेच आहे. पॅडचा पातळ थर डिस्कवर बसावा लागतो.

त्याच गिरणीत दुसऱ्या ठिकाणी तेच सूत शत्रू होतं. धागा जिथून वळतो त्या पोलादी आकड्यांना सूत करवतीसारख्या खाचा पाडतं. कापसाच्या धाग्यानं पोलाद कापलं हे ऐकायला अशक्य, पण त्या धाग्याबरोबर शेतातली माती आलेली असते आणि एकाच जागेवरून मैलोन्‌मैल धागा जातो. म्हणून पुढे ते आकडे चिनीमातीसारख्या पदार्थाचे, विशेषतः ऍल्युमिनियम ऑक्साइडचे करू लागले. कुरुंद म्हणजे हेच. मोसच्या श्रेणीत नऊवर. सातची माती तिथे काही करू शकत नाही.

या मधल्याला शास्त्रात रीतसर ‘तिसरा पदार्थ’ म्हणून स्थान मिळवून दिलं ते फ्रान्समधल्या लियाँ शहरात काम करणाऱ्या मॉरिस गोदे यांनी, तेही अगदी अलीकडे, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर बहुतेकांचं लक्ष त्या दोन पात्रांवरच होतं.

किती झिजेल, याचा अंदाज बांधायला एक साधं सूत्र आहे. जॉन आर्चर्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९५३ मध्ये मांडलेलं. वजन दुप्पट, झीज दुप्पट. घासण्याचं अंतर दुप्पट, झीज दुप्पट. पदार्थ जितका कठीण तितकी झीज कमी. आणि शेवटी एक गुणक, जो प्रयोग करूनच काढावा लागतो. सगळी मेख त्या गुणकात आहे. त्याचा अर्थ साधारण असा लावतात: दोन टोकं एकमेकांना भेटली तर दर किती भेटींमागे एक कण तुटून निघतो? साधं पोलाद साध्या पोलादावर कोरडंच घासलं तर हजारात सात वेळा. टंगस्टन कार्बाइड टंगस्टन कार्बाइडवर घासलं तर दहा लाखांत एकदा. काठिण्यात दोघांत एवढा फरक नाही, गुणकात मात्र हजारो पटींचा. नुसतं ‘कठीण घ्या, टिकेल’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं म्हणून फार ऐकू नये.

घर्षण आणि झीज या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही याच सूत्राच्या बाजूनं दिसतं. नॉनस्टिक तव्यावरचं टेफ्लॉन घन पदार्थांत सगळ्यांत घसरड्यांपैकी एक. तरी कालथ्यानं ते भराभर जातं. त्याचे रेणू एकमेकांवरून सहज सरकतात म्हणून तर ते घसरडं. आणि सहज सरकतात म्हणूनच त्याचे थरही सहज सुटतात. उलट कधी कधी घर्षण मुद्दाम वाढवावं लागतं. इंदूरजवळचा कालाकुंड ते पाताळपाणी हा घाट चढणाऱ्या रेल्वेचा विचार करा. रूळ ओला, चढ तीव्र, चाकं जागच्या जागी गरगरायला लागली तर? इंजिनांत वाळूच्या पेट्या असतात. ड्रायव्हर चाकापुढे रुळावर वाळू सोडतो, कण दोन्ही पोलादांत रुततात आणि चाक पकडतं. रूळ आणि चाक दोन्ही थोडे खरवडले जातात, पण गाडी चढते. त्याच घाटाच्या वळणावर बाहेरच्या रुळाची आतली बाजू चाकाच्या कडेनं घासून जाते म्हणून तिथे ग्रीस लावतात. एकाच मार्गावर एका जागी वाळू, एका जागी ग्रीस. रुळाच्या माथ्यावर चुकून ग्रीस गेलं तर काय होईल हे सांगायला नको.

आता सराफ्याकडे येऊ. बहुतेक इंदूरकरांना सराफा म्हटलं की रात्रीचे दहा, भुट्ट्याचा कीस आणि रबडी आठवते, पण दिवसा तिथे दुकानांत चालतं ते झिजेचंच शास्त्र. हवेतल्या बहुतेक धातूंवर ऑक्साइडचा एक पातळ पापुद्रा असतो, डोळ्यांना न दिसणारा. तो मध्ये असतो म्हणून दोन लोखंडी वस्तू टेकल्या की चिकटून बसत नाहीत. पापुद्रा फाटला आणि कोरा धातू कोऱ्या धातूला भेटला तर टोकं अक्षरशः जुळतात. ओढलं की जोड सुटण्याऐवजी बाजूचा धातूच उपटून येतो. अवकाशात हवा नाही, फाटलेला पापुद्रा पुन्हा धरत नाही. गॅलिलिओ यानाची मोठी अँटेना १९९१ च्या एप्रिलमध्ये छत्रीसारखी उघडायची होती, ती पुरती उघडलीच नाही. पृथ्वीवर असताना ट्रकमधून झालेल्या लांबच्या प्रवासांत तिच्या खिळ्यांवरचं कोरडं वंगण घासून गेलं आणि धातू धातूला धरून बसला, असा निष्कर्ष निघाला.

सोन्याचं दुखणं हेच आहे. ते गंजत नाही म्हणून आपण त्याला डोक्यावर घेतो. पण गंजत नाही म्हणजे त्याच्यावर पापुद्राही नाही. दोन सोन्याच्या बांगड्या एकमेकींना लागतात तेव्हा मध्ये कोणीच नसतं. वर सोनं मऊ, मोसच्या हिशेबानं अडीच ते तीन. दागिन्यात चांदी-तांबं मिसळून ते २२ कॅरटचं करतात ते याचसाठी, थोडं कठीण व्हावं म्हणून. तरी वर्षानुवर्षं एकत्र घातलेल्या पाटल्या आणि बांगड्यांच्या कडा पातळ होतातच. सराफाकडे मंगळसूत्र तपासायला दिलंत तर तो भिंग लावून आधी वाट्यांच्या कड्या बघतो. कडी नवी असताना तिची तार गोल असते. जुनीची तार जिथे दुसऱ्या कडीला टेकते तिथे चंद्रकोरीसारखी खाल्लेली, निम्म्यावर आलेली. तारेत ओवलेले काळे मणी काचेचे, म्हणजे सोन्याच्या दुप्पट आकड्याचे, आणि मण्यांच्या भोकात घाम, पावडर, धूळ. “वहिनी, हे आता गाठवून घ्या, एक दिवस तुटून पडेल,” असं तो म्हणतो तेव्हा धंद्यासाठी म्हणत असेल असं वाटतं, पण बहुतेक वेळा तो खरं सांगत असतो.

सोन्याचा हा मऊपणा सराफानं उपयोगातही आणला. कसोटीचा दगड काळा, बारीक कणांचा, सिलिकायुक्त, सोन्यापेक्षा फार कठीण. त्यावर दागिना ओढला की दगडाच्या सूक्ष्म टोकांवर सोन्याची रेघ राहते. ती रेघ म्हणजे दागिन्याची झीज, मुद्दाम केलेली आणि डोळ्यांना दिसेल अशी मांडलेली. शेजारी माहीत असलेल्या कॅरटच्या सळ्यांच्या रेघा ओढायच्या, रंग ताडून बघायचा, मग नायट्रिक ऍसिडचा थेंब. तांबं-चांदी विरघळून जातं, सोनं राहतं. किती राहिलं यावरून कस. दगड काळा हवा म्हणजे पिवळा नीट दिसतो, फार खरखरीत नको म्हणजे दागिन्याचं नुकसान नको. आणि दगडावर तेल किंवा बोटांची चिकटी असेल तर रेघ नीट उमटत नाही, म्हणून तो स्वच्छ ठेवावा लागतो. इथे मधला कोणी नको असतो.

दागिना घडवताना कानशीनं, पॉलिशच्या ब्रशनं जे सोनं उडतं ते कारागिराच्या खात्यात घट म्हणून मांडलं जातं. ते नाहीसं होत नाही. कामाच्या पाटाखाली, चटईच्या विणीत, हात धुतलेल्या पाण्याच्या गाळात, कपड्यांवर, दुकानाच्या पायरीवरच्या धुळीत ते पडून राहतं. म्हणून सराफ्यात कचरा फुकट जात नाही. ती झाडलेली धूळ न्यारिये विकत घेतात. मराठीत त्यांना झारेकरी म्हणतात. ते कचरा जाळून त्यातलं कापड-कागद घालवतात, राख कुटतात, परातीत पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतात. सोनं वाळूच्या सात पटींहून जड, ते तळाशी बसतं, माती वाहून जाते. उरलेल्यातून चांदी-तांबं ऍसिडनं काढतात आणि शेवटची चिमूट मुशीत वितळवतात. धुळीचा भाव आधीच ठरलेला असतो, आणि तो दुकानात कोणतं काम चालतं यावर असतो: नुसती विक्री असेल तर कमी, मागे पॉलिशची मोटर असेल तर जास्त.